वजनकाट्यावरचा चढाईपटू

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि शिरूर तालुका संपून दौंड तालुका सुरू होतो. दोन्ही तीरांवर ऊसच ऊस. दिवाळी उलटली की या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर दिसू लागतात आणि त्याच सुमारास चौकाचौकांत कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात. फलकावर वाढदिवसाचे नेते असतात, बक्षिसांचे आकडे असतात आणि कोपऱ्यात एक ओळ हमखास असते : 'वजन मर्यादा ६५ किलो' किंवा '५५ किलो'. मंडपात पंचांच्या टेबलाजवळ वजनकाटा ठेवलेला असतो. खेळाडूचे नाव नंतर, काटा आधी.

या काट्यावरून उतरून जी मुले मैदानात जातात, त्यांत एखादा असा असतो की त्याच्या चढाईला मंडपातली कुजबुज थांबते. वय अठराच्या आतबाहेर. उंची साडेपाच फुटांच्या खाली, वजन साठीच्या घरात. मध्यरेषा ओलांडताना तो घाईत नसतो. डाव्या कोपऱ्याला हूल देतो, उजव्याकडे पाय टाकतो आणि मधल्या गड्याला काय झाले हे कळायच्या आत त्याला हाताने टिपून परत येतो. असा मुलगा शिरूर-दौंडच्या पट्ट्यात दर दोन-चार वर्षांनी एखादा निघतोच. आणि तो निघाला की पारावर एकच प्रश्न सुरू होतो : हा प्रो कबड्डीत चालेल का?

या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. जुनी जाणती मंडळी म्हणतात, "अंगात काय आहे त्याच्या? एका पकडीत मोडंल." बरोबरीची पोरे म्हणतात, "त्याला हात तर लावून दाखवा." प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि चुकीची असूनही ती इतक्या ठामपणे दिली जातात की त्यापायी मुलाच्या आयुष्यातली दोन-तीन वर्षे फुकट जातात. म्हणून या प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

आधी मैदानाचे गणित. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. चढाई करणाऱ्यापुढे त्यातला निम्मा भाग, म्हणजे साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. वेळ तीस सेकंद. लहान चणीच्या चपळ खेळाडूचे हुकमी हत्यार म्हणजे बोनस. एक पाय रेषेपलीकडे, दुसरा हवेत, आणि समोरचा पुढे सरकेपर्यंत माघारी. कोणाच्या अंगाला हात न लावता एक गुण. गावच्या मैदानावर तो एका सामन्यात असे पाच-सहा गुण सहज आणतो आणि लोक टाळ्या पिटतात.

परंतु नियम असा आहे की समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो. पाच उरले की ती रेषा नुसती रंगाची पट्टी. म्हणजे संघ जिंकत असतो, समोरचे गडी बाद होत असतात, नेमके तेव्हाच या मुलाचे हत्यार बोथट होते. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जास्त. शिवाय प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. गावात त्याला वाटेल तितका वेळ नुसते फिरून परत येता येते. तिथे येत नाही. तिसऱ्या चढाईला समोरचे कोपरे मागे सरकून उभे राहतात, कारण आज पाहुणा आत येणारच हे त्यांना ठाऊक असते. आता प्रश्न पायाच्या चपळाईचा उरत नाही. घोटा पकडला गेल्यावर, दुसरा गडी कमरेला बिलगल्यावर, मध्यरेषेकडे दीड मीटर अंग ओढत न्यायचे आहे. इथे साठ किलो आणि ऐंशी किलो यांत फरक पडतो. पडत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा मॅटवर उभे राहून पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या प्रेक्षकांच्या लक्षातच येत नाही. चढाईपटू सामन्यातला थोडाच वेळ चढाई करतो. उरलेल्या वेळात तो बचावात उभा असतो. गावच्या संघात अशा मुलाला साखळीच्या मध्ये कुठेतरी लपवतात. समोरचा चढाईपटू त्याच्याकडे आला की शेजारचा दांडगा गडी सांभाळून घेतो. व्यावसायिक संघ समोरच्याच्या चित्रफिती पाहून मैदानात उतरतात. साखळीतली कच्ची कडी कोणती हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते आणि मग प्रत्येक चढाई तिथेच येते. चढाईत सहा गुण आणणारा मुलगा बचावात आठ गुण देऊन बसला, तर प्रशिक्षक त्याला बाकावर बसवणारच. त्यात त्याच्या उंचीचा दोष थोडा. शेजाऱ्याचा हात कधी धरायचा, कधी सोडायचा, कोपऱ्याने झेप घेतल्यावर आपण किती पावले जायचे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. चढाई त्याची उपजत. बचाव शिकावा लागतो, आणि शिकवायला वेळ लागतो.

कुस्तीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे वजनगट शेवटपर्यंत असतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगाने लहानखुरे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथे मॅट भेटली. पुढल्या चार वर्षांत त्यांनी मॅटची कुस्ती अंगी बाणवली आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या चार वर्षांचा खर्च कोणी केला, प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर कसे गहाण ठेवले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र खाशाबांना शंभर किलोच्या मल्लाशी लढावे लागले नाही, हेही ध्यानात घ्यावे. कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचे कुंपण आहे. वरिष्ठ गटात पोहोचले की ८५ किलोची वरची मर्यादा तेवढी उरते. साठ किलोचा मुलगा आणि चौऱ्याऐंशी किलोचा कोपरारक्षक एकाच मॅटवर येतात. कुंपण एका रात्रीत निघते, आणि त्या रात्रीची तयारी कोणीच करून घेत नाही.

उलट तयारी चालते ती भलतीच. ६५ किलोच्या स्पर्धेत बसायचे म्हणून मुले आदल्या रात्री जेवत नाहीत. भर दुपारी स्वेटरवर स्वेटर घालून कालव्याच्या कडेने धावतात. पाणीसुद्धा घोट-घोट पितात. काट्यावर काटा बसला की मंडपामागे केळी नि ग्लुकोज. महिन्यातून दोन-तीन स्पर्धा, दर वेळी हाच प्रकार, आणि तोही हाडे-स्नायू भरायच्या ऐन वयात. अठरा वर्षांपर्यंत ज्याला "दोन किलो उतरव" म्हणून सांगितले, त्यालाच एकोणिसाव्या वर्षी "दहा किलो चढव, मग ये" असे सांगण्यात येते. मग व्यायामशाळेतला कोणीतरी हातात एक डबा देतो, त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. उत्तेजक चाचणीचे नाव या मुलांनी ऐकलेले असते ते फक्त वर्तमानपत्रात. असो.

तर मग लहान चणीच्या मुलाने व्यावसायिक कबड्डीचे स्वप्न पाहूच नये काय? तसे मुळीच नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचा इतिहासच याविरुद्ध साक्ष देतो. हरियाणाचा नवीन कुमार २०१८ मध्ये दिल्लीकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा अठरा वर्षांचा सडपातळ पोरगा होता. पुढच्याच वर्षी दिल्लीने अंतिम फेरी गाठली ती मुख्यतः त्याच्या चढायांवर. त्याची ताकद होती धावत्या हाताने गडी टिपण्यात आणि पाय मागे घेण्याच्या वेगात. पकडीत सापडायचेच नाही हा त्याचा खाक्या. पण दहाव्या हंगामात गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला, हीही त्याच कथेची दुसरी बाजू आहे.

त्याहून बोलके उदाहरण परदीप नरवालचे. साखळीच्या हातांखालून वाकून निसटण्याची त्याची 'डुबकी' आज गल्लीतली पोरेसुद्धा करू पाहतात. हाच परदीप २०१५ मध्ये बंगळुरूकडून मोजकेच सामने खेळला आणि फारसे कोणाच्या लक्षातही राहिला नाही. पाटण्याने त्याला घेतले, खेळवले, त्याच्या भोवती संघ उभा केला. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण मिळवले आणि पाटण्याने लागोपाठ तिसरे विजेतेपद पटकावले. पहिल्या हंगामात त्याला 'तयार नाही' म्हणून कायमचे घरी पाठवले असते तर? आणि दुसऱ्या टोकाला आपल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. दणकट अंगाचा, तीन गडी अंगावर घेऊन रेषा गाठणारा. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात चढाईत दोनशेहून अधिक गुण. लोकांना तो एकाएकी उगवल्यासारखा वाटला, पण त्या वेळी त्याचे वय सव्वीस होते. एवढा अंगापिंडाने भरलेला गडीही सव्विसाव्या वर्षी लीगमध्ये आला, हे साठ किलोच्या पोराला अठराव्या वर्षी 'आत्ता नाही तर कधीच नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर या बाबतीत आपल्या घरातच एक दाखला आहे, जरी खेळ वेगळा असला तरी. धनराज पिल्ले खडकीचा. १९६८ चा जन्म, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतले बालपण, अंगकाठी किरकोळ. हॉकीची स्टिक हातात आली की चेंडू जणू तिला चिकटलेला. पण भारताचा सदरा त्याला मिळाला १९८९ मध्ये, एकविसाव्या वर्षी. मधल्या काळात थोरल्या भावाच्या, रमेशच्या, मागोमाग तो मुंबईला गेला आणि महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली घडला. पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्णपदक. त्याच्या कौशल्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. मुंबईतल्या त्या वर्षांची करत नाही. त्या काळात त्याला राहायला जागा होती, खेळायला लीग होती, मागे एक कंपनी होती आणि रोज सांगणारा एक माणूस होता. खडकीहून थेट दिल्लीच्या राष्ट्रीय संघात उडी मारायला त्याला कोणी सांगितले नाही.

शिरूर-दौंडच्या मुलाला नेमकी हीच मधली वर्षे मिळत नाहीत. अठरा ते बावीस. बारावी झालेली असते किंवा राहिलेली असते. घरी दोन-तीन एकर, त्यात ऊस नाहीतर कांदा. वडील म्हणतात, खेळून काय मिळणार? त्यांचे चुकते असेही नाही. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. खेळणाऱ्या मुलाला वर्दीची नोकरी हा या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मार्ग. परंतु राखीव दलाच्या भरतीत पुरुषांना उंची लागते १६८ सेंटिमीटर. आपला चढाईपटू तिथे मोजपट्टीखालीच अडतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात, आणि गावच्या ६५ किलोच्या ढालींचा तिथे काही उपयोग नाही. राहता राहिली रांजणगावची औद्योगिक वसाहत. कंत्राटदाराकडे पाळी, बारा तास उभ्याने काम. तिथे लागलेला मुलगा रविवारी एखादा सामना खेळतो, पुढे तोही सुटतो. दोन वर्षांनी त्याच मंडपात तो प्रेक्षकांत उभा असतो, पोट किंचित सुटलेले, आणि शेजाऱ्याला सांगत असतो की आपणही एके काळी चढाई करायचो.

बरे, सराव करायचा तर कुठे? स्पर्धेपुरती मॅट टेम्पोतून येते आणि बक्षीस समारंभ आटोपला की गुंडाळून परत जाते. एरवी माती. मातीत पाय रुततो, मॅटवर बुटाचा तळ चिकटतो. मातीवर शिकलेली वळणे मॅटवर तशीच घेतली की गुडघा पिळवटतो. मॅटचा नियमित सराव हवा असेल तर पुण्याकडे यायचे. दौंडहून निदान रेल्वे आहे. शिरूरला रेल्वे नाही; शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीतून सत्तर किलोमीटर, आणि बालेवाडी तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन तासांच्या सरावासाठी पाच-सहा तासांचा प्रवास. एवढे करून घरी आल्यावर ताटात काय असावे हा प्रश्न निराळाच.

लीगचे स्वरूपही पाहा. बारा संघ, २०२४ च्या हंगामात प्रत्येकाला साखळीत २२ सामने होते, आणि ते साधारण अडीच महिन्यांत उरकायचे होते. गावच्या स्पर्धेत दोन दिवस जीव तोडून खेळले की पुढे आठ-दहा दिवस विश्रांती. तिथे तीन-चार दिवसांत पुन्हा मॅटवर. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघातही तो होता. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला मध्येच थांबावे लागले. ही घडलेल्या, अनुभवी देहाची गत. कालपर्यंत उपास करून वजन उतरवणाऱ्या देहाची काय होईल?

आता मूळ प्रश्न. हा मुलगा व्यावसायिक संघासाठी तयार आहे का? पहिल्या सातांत उतरायला, बहुतेक वेळा, नाही. संघाच्या यादीत असायला मात्र नक्कीच आहे, आणि त्याची जागा आजच तिथे आहे. या दोहोंतला फरक न केल्यामुळेच सगळा घोळ होतो. लीगमध्ये नवोदित तरुणांना लिलावाबाहेर करारबद्ध करण्याची सोय आहे. अशा जागा भरताना निवड करणारे बहुधा तयार शरीर शोधतात, कारण ते लगेच कामाला येते. साठ किलोच्या पोराच्या चपळाईला दाद देऊन त्याला "पुढच्या वर्षी ये" म्हणतात. पुढचे वर्ष त्याच्यासाठी रांजणगावात उभे असते. वजन वाढवता येते. दोन हंगाम नीट खाणे, नीट व्यायाम मिळाला तर आठ-दहा किलो अंगावर चढतात आणि चपळाई जात नाही. डोळा मात्र चढत नाही. समोरच्या कोपऱ्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे ओळखणारा डोळा ऐंशी किलोच्या गड्याला शिकवता येईल, अशी व्यायामशाळा कुठे निघालेली नाही.

पलटणचा तळ पुण्यात आहे. तिने दरवर्षी शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर अशा तालुक्यांतून दोन मुले केवळ सरावासाठी उचलली, राहण्या-जेवण्याची सोय केली आणि दोन वर्षे एकाही सामन्यात खेळवले नाही तरी चालेल. पण हे ओझे एकट्या पलटणवर का टाकावे? स्पर्धांच्या मांडवाखालचा पैसा पाहिला की आश्चर्य वाटते. पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, कुठे मोटारसायकल, कुठे आणखी काही. फटाके, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे फेटे. त्यातला फेट्यांचा नि फटाक्यांचा पैसा जरी तालुक्यातल्या एका मॅटसाठी आणि खेळाडूंच्या विम्यासाठी बाजूला काढला तरी तो पुरेल. मैदानावर गुडघा गेला तर मुलाला दवाखान्यात पोहोचवायला संयोजकांची गाडी असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याच्याबरोबर फक्त वडील असतात. शिरूरचा घोडगंगा आणि दौंडचा भीमा-पाटस, हे दोन्ही सहकारी कारखाने ज्यांच्या उसावर उभे राहिले, त्यांचीच ही मुले. कारखान्यांच्या अडचणी सर्वांना ठाऊक आहेत, तेव्हा त्यांच्याकडून फार मागण्यात अर्थ नाही. पण तालुक्यातला एखादा हॉल, एक जाणता शिक्षक आणि रोज सहा अंडी, एवढे जमवायला साखरेचा भाव वाढण्याची वाट पाहायची गरज नसावी.

आणि वजनी गटाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक करावे. वजन सामन्याच्या सकाळी घेण्याऐवजी हंगामाच्या सुरुवातीला एकदा घ्यावे, ओळखपत्रावर नोंदवावे आणि पुढे तीन-चार किलोंची सूट ठेवावी. उपास आपोआप थांबतील. काही संयोजक कुरकुरतील, कारण काट्यावरून होणारी भांडणे हाही स्पर्धेचा एक रंग आहे.

पंचांना, प्रशिक्षकांना आणि पारावरच्या जाणत्यांनाही एक सुचवावेसे वाटते. येत्या हंगामात असा एखादा पोरगा दिसला तर त्याच्या चढाया पाहू नका; त्या चांगल्याच असणार. समोरचा गडी चढाईला आला की तो काय करतो ते पाहा. शेजाऱ्याचा हात धरून उभा राहतो की सोडून मागे पळतो? कोपऱ्याने घोटा धरल्यावर हा झेप घेतो की पाहत राहतो? आणि समोर तीनच गडी उरलेले असताना, बोनस नसताना, त्याला चढाईला पाठवले तर जाताना त्याचा चेहरा कसा असतो?

हे सारे पाहून झाले की त्याला काट्यावर उभे करायला हरकत नाही.